काट मारलेला ओ

शारजाला भावाकडे निघाले तेव्हा माझ्या बॅगेत भाजणी, मेतकूट आणि लाल शाईची तीन पेनं होती. साताऱ्याच्या छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला पेनाशिवाय परदेशी जायची भीती वाटते, त्याला काय करणार?

माझा धाकटा भाऊ सुधीर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका छापखान्यात मॅनेजर आहे. राहतो शारजात आणि उरलेलं आयुष्य रस्त्यात काढतो. शनिवारी घरी बसून कंटाळले, म्हणून मीही त्याच्या गाडीत बसले. अर्ध्या तासात आम्ही दोन पूल ओलांडले. मग वेळ सत्कारणी लावावा म्हणून मी मागच्या सीटवरचे कागद उचलले.

तो नॉर्वेतल्या एका चिमुकल्या गावाच्या फुटबॉल क्लबचा इतिहास होता. लिहिणारे आर्ने हे क्लबचे जुने गोलकीपर, सध्या लेकीकडे जुमेरा लेक टॉवर्समध्ये मुक्कामाला.

"सहाच कॉपीज आहेत ताई," सुधीर म्हणाला. "त्यांच्या जुन्या टीममधले आता सहाच जण उरलेत. कॅप्टन हॉस्पिटलमध्ये सीरियस आहेत, त्यांच्या हातात बुक द्यायचंय. आर्नेंची उद्या संध्याकाळची फ्लाइट आहे."

मला नॉर्वेजियनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ठो राहू दे, ओ मात्र मला दिसला. पानापानावर रोमन ओ आणि त्यावर तिरकी काट! टाइप बिघडला असणार, असं मी ठरवलं आणि छापखाना येईपर्यंत शंभरेक ओ स्वच्छ करून टाकले.

"तू चेक केलंस ना? मग खलास (विषय संपला)," म्हणत सुधीरनं ते कागद ऑपरेटरकडे दिले. संध्याकाळी सहाही पुस्तकं बांधून तयार. मी फार खूश होते.

रविवारी सकाळी भाची इराला घेऊन मी ती पोचवायला गेले. उंच इमारतींच्या मधोमध तळं होतं, आणि काठावरची बदकं भाडं भरत असल्यासारखी ऐटीत फिरत होती. आर्नेंनी कॉफी दिली आणि ब्रूनोस्त (गोडसर तपकिरी चीज). चव थेट करपलेल्या खव्याची. मी दोनदा घेतलं.

मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इरा त्यांचं इंग्रजी मला मराठीत सांगत होती. त्यांनी लिहिलं होतं, 'मॅचनंतर मी पार गळून गेलो होतो.' छापलं होतं, 'मॅचनंतर मी आई होतो.'

"आत्या, दॅट्स अ लेटर! इट्स नॉट अ मिस्टेक!" इरा ओरडली.

कॅप्टनच्या नावापाशी आल्यावर मात्र आर्नेंचं हसू थांबलं. त्या नावात तसे दोन ओ होते. "हे त्याचं नाव नाही," ते हळूच म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुधीरला फोन केला. "ताई, आज संडे. प्रेस बंद, ऑपरेटर फोन उचलत नाहीये," तो म्हणाला.

आर्नेंनीच मला सावरलं. म्हणाले, गावाला मैदान नव्हतं. फ्योर्डच्या (डोंगरात घुसलेल्या खाडीच्या) काठावर नुसते दगड. कॅप्टननं गाव गोळा केलं आणि सगळ्यांनी मिळून दोन उन्हाळे ते उचलले. पहिल्या सामन्यात चेंडू अकरा वेळा समुद्रात गेला, गोलमध्ये एकदाही नाही. चेंडू आणायला होडी उभी ठेवावी लागे.

"अशा कामाला आम्ही दुग्नाद म्हणतो," ते म्हणाले.

"आम्ही श्रमदान म्हणतो," मी म्हणाले. आणि तिथेच सुचलं. "इरा, काळी पेनं आहेत का गं?"

तासाभरात सुधीर आणि त्याची बायको मृणाल पोह्यांचा डबा घेऊन हजर झाले. आर्ने, त्यांची लेक आणि आम्ही चौघं. सहा पुस्तकं, सहा माणसं. आर्ने एकेक ओळ वाचत, बोट ठेवून दाखवत, आणि आम्ही काट मारत असू.

"यल्ला (चला, आटपा) सुधीर, तू एक ओळ मागे आहेस," मृणाल म्हणाली.

"अगं, मी मॅनेजर आहे!"

"इथे नाहीस."

कॅप्टनची प्रत मी घेतली होती. आयुष्यभर मी काट मारून चुका दाखवल्या, त्या दिवशी प्रथमच काट मारून अक्षर पुरं केलं. 'आई होतो' आलं तेव्हा आर्नेंनी माझा हात धरला. "त्याच्या पुस्तकात तेवढं राहू दे. त्याला हसू दे."

चार वाजता पुस्तकं बॅगेत गेली. दारात त्यांनी माझ्या नावाचं स्पेलिंग लिहून घेतलं.

मी साताऱ्याला परतले त्याच आठवड्यात इरानं आर्नेंकडून आलेले दोन फोटो पाठवले. पहिल्यात कॅप्टन दवाखान्याच्या खाटेवर, मांडीवर पुस्तक, तोंड हसून वाकडं झालेलं. बरं वाटलं, फार बरं वाटलं. दुसरा फोटो पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा होता. मैदानाचे दगड उचलणाऱ्यांची यादी छापलेली, आणि तिच्याखाली आर्नेंच्या हस्ताक्षरात त्यांच्या लेकीचं आणि आम्हा चौघांची, अशी पाच नावं. शेवटचं माझं, शोभा. रोमन अक्षरांत, ओवर तिरकी काट.

माझ्या नावात ती काट नसते. सरळ सरळ चूक आहे. मी फोटो मोठा करून नीट तपासली आणि तशीच राहू दिली.