थोरल्या मामांची रायफल

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना या जगातली एकही गोष्ट आजवर सरळ वाटलेली नाही. जन्मभर बँकेत ऑडिट केलं. निवृत्त होऊन सिंगापूरला, पुंगोल भागात लेकीकडे राहतात, तरी नजर तीच. एलआरटीत, म्हणजे तिथल्या बिनड्रायव्हरच्या छोट्या रेल्वेत, ते डब्याच्या अगदी पुढे, काचेला नाक लावून उभे राहतात. "ड्रायव्हर नाही म्हणता? मग काही झालं तर सही कुणाची?" हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जागा धरायला कुणी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं, की आम्हाला ते थेट दुसऱ्या टोकाला नेतात. आपलं सामान असं टाकून जाणाऱ्या माणसाचा काहीतरी डाव असलाच पाहिजे! मी एकदा सहज आंबे घेऊन गेलो, तर पेटीला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, "काम काय काढलंस?"

साताऱ्याला धाकट्या मामांकडे वडिलांची जुनी लष्करी रायफल आहे, रीतसर परवान्याची. वडील फौजेतले. यंदा तिच्या लाकडाला चीर गेली आणि भावाभावांत जुंपली. थोरल्यांना ती होती तशीच हवी, तेच जाड लाकूड, तेच वजन. धाकट्यांना पुढचं लाकूड कापून, हलका दस्ता बसवून नवं रूप द्यायचं होतं. "हलकी कशाला? गिऱ्हाईक बघितलंय त्याने!" मामा मला लिफ्टमध्ये कुजबुजले. सिंगापूरच्या लिफ्टमध्ये 'रायफल' हा शब्द उच्चारायचीही त्यांची छाती नव्हती; 'ती वस्तू' म्हणायचे. कारागीर आतले भाग बदलेल म्हणून व्हिडिओ कॉलवर एकेका भागावरचा नंबर दाखवायला लावला. धाकटे मामा बिचारे "हा बघ दादा, हाही बघ" करत बसले. पण हलकी कशाला, याचं उत्तर ते काही देईनात, आणि मामांचा संशय पक्का होत गेला.

खंडेनवमीला आम्ही पुंगोललाच होतो. साताऱ्याहून शस्त्रपूजा फोनवर दिसत होती. हळदकुंकू, झेंडूची फुलं झाली, की किल्ल्याकडे तोंड करून रायफल एकदा खांद्याला लावायची, अशी वडिलांची रीत. धाकट्या मामांनी ती उचलली. कमरेपर्यंत आली आणि डावा हात थरथरायला लागला. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी ती हलकेच पाटावर ठेवली आणि ओशाळं हसले. "उन्हाळ्यात जरा झटका येऊन गेला, दादा. हातात पहिल्यासारखा जोर नाही. तुला कळवलं असतं तर तू डॉक्टरचीच उलटतपासणी घेतली असतीस."

मामांनी चष्मा काढला. आम्हाला कुणाला त्यांच्याकडे बघवेना.

"काप," ते म्हणाले.

"दादा, पण बाबांची आठवण..."

"बाबा ती उचलायचे रे. तुला उचलता येईल इतकी हलकी कर. काप."

फोन ठेवल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोर पाणी होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन राहिलं की माणूस सख्ख्या भावालाही फोनच्या चौकटीत मावेल तेवढाच बघतो. निघताना मी नमस्कार केला, तर त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे, मामा."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला नव्हता.

"खरं सांग," ते म्हणाले.