मशीनवरचं कुंकू

सोनोग्राफीच्या खोलीत, पडद्याच्या अलीकडे मी वहिनीबरोबर नंबर लावून बसले होते. पडद्याच्या फटीतून टेबलावर झोपलेली एक पोटुशी बाई दिसत होती. तिच्या कमरेला काळा दोरा होता.

"हे काय बांधलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आईनं बांधलाय, बाळाला नजर लागू नये म्हणून. थांबा, मी सोडते ना." तिचा हात गाठीपाशी जातोय तोवर कात्री चाललीसुद्धा.

"असले गंडेदोरे घरी ठेवून यायचं."

दोरा बादलीत पडला. आधीच्या बायकांची पोटं पुसलेल्या चिकट कागदांवर.

मला शिसारी आली ती बादलीची नव्हे, त्या कात्रीच्या घाईची. दोरा काढायला हवा होता, हे मलाही कळतं. पण शीर कुठे सापडते हे वर्षानुवर्षं घोटून घेणारी यांची कॉलेजं एक गाठ सोडून दोरा हातात द्यायला का शिकवत नाहीत? कुणाच्या तरी आईची काळजी आपण घाणीत टाकतोय, हे त्या बोटांना जाणवूच नये?

मशीनवर दसऱ्याचं कुंकवाचं स्वस्तिक होतं, झेंडूचा वाळका हारही होता. तपासायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी सवयीनं त्या कुंकवाला बोट लावून कपाळाला टेकवलं. दुसऱ्या हातात कात्री अजून तशीच होती.

तपासणी संपली. बाई उठली, मोकळ्या कमरेवर साडी सारखी केली, आणि निघताना मशीनपुढे थांबून तिनं हात जोडले.