वायरवाले भाऊ आणि दादांची भिंत

आमचे वायरवाले भाऊ भिंतींशी बोलायचे. बोटाने टकटक करायची, कान लावायचा, आणि मध्ये कुणी बोललं की खेकसायचं, "गप बसा की! ती काय म्हणतीय ते ऐकू द्या." गेल्या वर्षी ते गेले. लोणावळ्यातला जुना बंगला असो की आमच्या बेडश्यातलं दगडमातीचं घर, टीव्हीची वायर अशी गायब करत की बघणारा चाट पडे!

बाकीचे लोक प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून जात. पावसाळ्यात भिंतींना घाम फुटला की त्या पट्ट्या वायरीसकट खाली! भाऊ खूश. "हितल्या भिंतीला डिंक चालत न्हाई. आन् वायर दिसली, तर म्या हरलो," म्हणायचे.

आमच्याकडे मात्र त्यांची खरी कसोटी लागली. माझी लेक कबड्डीच्या संघात निवडली गेली आणि रविवारचा सामना टीव्हीवर दिसणार होता! घरात नुसता गलका. छपरावर डिशची छत्री बसली, पण वायर आत आणायची कुठून? खिडकीतून आणली तर खिडकी लागेना, आणि आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. भोक पाडावं, तर भिंत माझ्या वडिलांनी, दादांनी, स्वतः रचलेली. ते गवंडी होते. ते गेल्यापासून आईने तिथे खिळासुद्धा ठोकू दिला नव्हता.

"नातीचा खेळ न्हाई दिसला तरी चालंल," आई म्हणाली. डोळे भरले होते. "पर ह्यांच्या भिंतीला मशीन लावायचं न्हाई."

भाऊंनी ड्रिल पिशवीतून काढलंच नाही. अर्धा तास नुसती टकटक. मी पार वैतागले. तेवढ्यात भाऊ ओरडले, "घावलं! मावशी, हितं आरपार भोक हाय. तुमच्या मालकानंच ठिवलंय!"

परांचीचे, म्हणजे उंचावर उभं राहायच्या माचाचे, वासे रोवायला गवंडी बांधतानाच भिंतीत भोकं ठेवतात आणि काम संपलं की मातीचे गोळे कोंबून बुजवतात. त्यातलंच हे एक! भाऊंनी चुना खरवडला, चाकूने कडा सोडवल्या आणि आतला गोळा अख्खाच बाहेर काढला. त्यावर चार बोटांचे ठसे होते, जसेच्या तसे.

"फोडायचा जीव झाला न्हाई, मावशी," म्हणत त्यांनी तो आईच्या हातात दिला. मग वायर सरकवून भोक ओल्या मातीने लिंपलं.

रविवारी भाऊही सामना बघायला आले. लेक चढाईला निघाली तसे आम्ही सगळे ओरडत उभे राहिलो. आई बसूनच होती. तो गोळा तिने दोन्ही हातांनी टीव्हीसमोर उंच धरला.

"अवो, बघा की! आपली नात हाय ती!"