सासऱ्यांच्या माळावरचं स्टेशन

सैन्यात सिग्नलला नोकरी करून म्हसवडला परतलो, पण रेडिओचं वेड काही सुटेना. हौशी रेडिओचा परवाना काढला आणि गच्चीवर एक छोटं स्टेशन बसवलं. कुणी परवानाधारक जीपीएसचं यंत्र घेऊन फिरत असला की ते दर दोन मिनिटांनी त्याचा ठावठिकाणा रेडिओवर सांगतं. माझ्या स्टेशननं तो ऐकायचा आणि इंटरनेटवरच्या नकाशावर टाकायचा, एवढंच काम. पण आमच्या भागात असं यंत्र घेऊन फिरणारं कुणीच नव्हतं. महिनाभर मी नकाशावर माझाच ठिपका बघत बसलो.

बायको धनगराची लेक. तिच्या भावांची मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेला निघतात. वाटेत फोनला चार्जिंग नाही, डोंगराआड रेंज नाही, घरच्यांच्या जिवाला घोर. हे यंत्र त्या वाटेवर चालेल का, असं तिनं विचारलं. चालेल म्हटलं, पण नेणाऱ्याला परवाना हवा, आणि माझा गुडघा तर कामातून गेलेला.

"मग मी देते परीक्षा," ती म्हणाली.

दहावीनंतर तिनं पुस्तक उघडलं नव्हतं. भाकरी थापताना ती नियम पाठ म्हणायची. ओहमच्या नियमावरून आमचं दोनदा वाजलं. दुसऱ्या वेळी तीच बरोबर निघाली. पहिल्याच खेपेला पास झाली.

निघण्याआधी चाचणी घेतली, तर ती डोंगरापलीकडं गेली की ठिपका गायब. गच्ची कमी पडत होती. सासऱ्यांचं घर उंच माळावर, नातवंडांमुळं तिथं इंटरनेटही आलेलं. त्यांनी जन्मभर मेंढरांमागं वाट तुडवली होती. अँटेनाचा खांब रोवू का विचारलं, तर म्हणाले, रोवा, शेरडं बांधायला व्हईल. मग स्टेशन तिथंच हलवलं.

भावांबरोबर ती निघाली. तिसऱ्या दिवशी मेंढरं डोंगर ओलांडून गेली. फोन बंद पडला, पण यंत्र सुट्या सेलवर चालत होतं, ठिपका सरकतच राहिला. सासरे माझ्या शेजारी येऊन बसले. नकाशावर तिथं नाव नव्हतं, रस्ता नव्हता. त्यांनी बोट टेकवलं.

"पावणं, आता ती डावीकडं वळंल. खाली विहीर हाय."

दोन मिनिटं गेली, चार गेली. ठिपका डावीकडं वळला.

मी त्यांच्याकडं पाहिलं. सासरे डोळे पुसत होते. म्हणाले, "चाळीस वर्सं ह्या वाटंनं गेलो. मी कुटं हाय, हे घरात कवा कुणाला कळलं न्हाई."

त्यानंतर ते रोज सकाळी येऊन बसायचे आणि पुढचा मुक्काम आधीच सांगायचे. एकदाच चुकले; तिथं आता ऊस झाला होता, मेंढरांना वळसा पडला.

साताऱ्याच्या अलीकडं आमचं स्टेशन कमी पडेल, याची मला धास्ती होती. पण साताऱ्यातल्या एका डॉक्टरांचंही असंच हौशी स्टेशन होतं. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला, "तुमच्या मंडळींचा ठिपका आमच्याकडं पोचला. मध्ये खंड नाही."

आमच्या माण तालुक्यातल्या माळापासून साताऱ्यापर्यंतची अख्खी वाट नकाशावर सलग उमटली होती. आमच्या तालुक्यातून असं पहिल्यांदाच घडलं होतं, आणि ते माझ्या बायकोनं चालून केलं होतं.

ती एसटीनं परत आली, पायाला फोड घेऊन. सासऱ्यांनी तिला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसले. आता तिची वहिनीही परीक्षेचा अभ्यास करते. शिकवायला मी गेलो तर दोघी मला उठवून लावतात.