पिल्लांवरची मरळ

"मरळ मिळाली का?" मॅडमचा सकाळपासूनचा तिसरा फोन. मी शिरपूरजवळच्या तलावात गुडघाभर चिखलात उभा. म्हटलं, "नाही मॅडम, प्रयत्न चालू आहेत." सरकारी नोकरीत हे वाक्य मी तीस वर्षं वापरतोय. ते कधीच खोटं ठरत नाही.

मी मत्स्यव्यवसाय खात्यात. काम कागदावर सोपं होतं. आमच्या बीज केंद्रात, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथे, मरळीच्या चार जिवंत जोड्या हव्या होत्या. मॅडम तिथल्या प्रमुख. तलावातली मरळ दरवर्षी कमी होत चालली होती. जोड्या द्या, त्यांची पिल्लं इथेच सोडू, असा शब्द मी मच्छीमार सोसायटीला दिला होता. सभासद कुरकुरत होते. अध्यक्ष दशरथभाऊंनी माझी हमी घेतली. पावसाळा संपायच्या आत जोड्या पोचल्या नाहीत, तर वर्ष गेलं.

मरळ सहसा जाळ्यात येत नाही. शेवाळात, काठच्या बेशरमीच्या झुडपांच्या मुळांत दडून बसते. तिला गळच लागतो. माझ्याकडे एका ट्रेनिंगमधून आणलेला आमिषांचा डबा होता. चकचकीत पत्र्याचा चमचा, पाण्यात गरगरणारी पाती, आणि माझं लाडकं रबरी बेडूक. त्याचे काटे अंगाला चिकटून असतात, म्हणून ते गवतात अडकत नाही. पानावर टाकायचं, जरा थांबायचं, मग टुणकन पाण्यात उतरवायचं. मरळ खालून अशी झेप घेते की आपलीच छाती धडधडते. मासा जखमी होऊ नये म्हणून काट्याची उलटी नांगी मी पकडीने दाबून सपाट केली होती.

तीन दिवस बेडूक नाचवलं. एक मरळ लागेल तर शपथ. कंबर गेली, एक चप्पल चिखलाने खाल्ली.

चौथ्या दिवशी पाण्यावर लाल चकती दिसली. मरळीची पिल्लं लालभडक असतात, घोळक्याने वर येतात. खाली आईबाप राखणीला. वर काहीही हललं की ते तुटून पडतात.

"भाऊ, इथे टाकू."

दशरथभाऊंनी डोंगा थांबवला. "नाही साहेब. पिल्लावर गळ टाकत नाही आमी."

"अहो, मारायची कुठे आहे? जिवंतच न्यायची."

"तरी नाही."

"मग दुसरीकडे लागेल?"

"लागन. सबुर करा लागते."

सबुरी मॅडमकडे नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हती. म्हटलं, जुनी माणसं, जुन्या समजुती. भाऊ काठावर उतरले. डोंगा मी एकट्याने नेला. तलावात अशा चार चकत्या सापडल्या. दुपारपर्यंत आठ मरळी ड्रममध्ये होत्या. यावेळी फोन मी केला.

केंद्रात मॅडमनी एकेक मासा ओल्या फडक्यात धरून पोटावरून अंगठा फिरवला. "माद्या सगळ्या रिकाम्या. अंडी घालून झाली यांची. या मोसमात काही उपयोग नाही. कुठे पकडल्या?"

 पिल्लं राखणारी मरळ म्हणजे बाळंतपण उरकलेली मरळ. तीस वर्षं मासे बघणाऱ्याला एवढंही सुचू नये? स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आठही परत सोडायला गेलो. लाल चकत्या कुठेच नव्हत्या. राखण नसलेली पिल्लं बगळ्यांनी आणि इतर माशांनी फस्त केली होती. ड्रम पाण्यात कलता करायला दशरथभाऊंनी हात लावला. मासे शेवाळात निघून गेले.

"भाऊ, यांची अंडी संपलेली असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"इथल्या पोट्ट्यायलेबी ठाऊक हाय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"नाही म्हटलं होतं ना तुमाले. काहून नाही, हे तुमी इचारलंच कुठी?"

तोवर पावसाळा सरला. त्या वर्षी केंद्रातून एक पिल्लू आलं नाही, आणि तलावाची स्वतःची चार वेतं मी घालवली. सोसायटीच्या बैठकीत भाऊ "यंदा जमलं नाही" एवढंच बोलले. माझ्या वाटणीच्या शिव्या त्यांनी खाल्ल्या. आता पाण्यावरचा माणूस नाही म्हणाला, की मी आधी डबा बंद करतो आणि कारण विचारतो.

रिपोर्टात अपयशाच्या कारणाचा रकाना होता. मी 'घाई' लिहिलं. मॅडमनी ते खोडून 'तांत्रिक अडचण' केलं.