अभिनंदन परत घ्या

माझ्या सासूबाईंना सत्तावन्नावं लागलं, तेव्हा शेजारचे काका केक खायला आले आणि दारातच म्हणाले, “सत्तावन्न! मूळ संख्या वाटते, पण नाही हं. तीनने भाग जातो.” सासूबाई नुकत्याच भारतातून आल्या होत्या. हसावं की रागवावं, त्यांना कळेना. मलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्याही शेजारात असा एखादा असेलच.

स्टुटगार्टला ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर तपासनीस. निवृत्त झाल्यावर इमारतीच्या तळघरात, केलरमध्ये, जुना कॉम्प्युटर लावून बसले. दोनला दोनने गुणत सुटायचं, शेवटी एक वजा करायचा. क्वचित अशी संख्या हाती लागते, जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. त्यांच्या संख्येत कोट्यवधी अंक होते. मी आपली कपडे धुवायला खाली जायचे आणि व्याख्यान ऐकून वर यायचे.

“काका, पण उपयोग काय तिचा?”

“काही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्रेक पास केले गं. एक तरी गोष्ट माझ्या नावावर असू दे की!”

एके दिवशी चाचणीच्या शेवटी बाकी शून्य आली. या चाचणीत शून्य म्हणजे भाग गेला असं नव्हे, उलट संख्या मूळ! दुसऱ्या मशीनवर तेच उत्तर येईपर्यंत खरं मानायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण गणपतीत इथलं मराठी मंडळ जमलं होतं. हा माणूस मिल्क पावडरचे पेढे वाटून मोकळा झाला!

पडताळणीला अर्थात माझाच लॅपटॉप. कित्येक आठवडे तो पापड भाजावेत इतका तापायचा. शून्य आलं नाही. “तुझंच मशीन चुकलं,” म्हणाले. तिसरीकडे तपासलं, तिथेही माझंच उत्तर. त्यांच्या कॉम्प्युटरची मेमरी खराब निघाली.

गप्प बसले असते, तर कोणाला कळणार होतं? पण नाही. दुखरे गुडघे घेऊन, चढाचे रस्ते चढत, पेढे दिलेल्या प्रत्येक घरी गेले. “आल्झो, म्हणजे असं की, ती संख्या मूळ नव्हती. पेढे खाल्लेत ते खाल्लेत, अभिनंदन तेवढं परत घ्या.” लोक हसून चहा टाकायचे. सोबतीला मी. माझे सगळे शनिवार त्यात गेले. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि तितकाच अभिमान वाटायचा.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, त्यांचं एकच. “पण भाग जातो कशाने गं? चाचणी नुसतं जातो म्हणते, कशाने ते सांगत नाही.”

“काका, पुरे आता!”

या हिवाळ्यात ते गेले. शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “आपल्या काकांनी एक प्रचंड मूळ संख्या शोधली.” यांच्याही घरी आम्ही गेलो होतो! मला राहवेना. मी उभी राहिले. रडू येत होतं, तरी मोठ्याने म्हणाले, “नाही. तिला भाग जातो.”

सगळे माझ्याकडे रागाने बघू लागले. कशाने जातो, हे एकानेही विचारलं नाही. विचारणारा समोर फोटोत हार घालून बसला होता.