भरलेली गाडी, पिवळे दिवे आणि बिदरचा रस्ता

आमचा छोटा ट्रक विकायचा की ठेवायचा, याचा निकाल लावायला मी आणि बाबा मागच्या आठवड्यात हैदराबादहून उदगीरला जाऊन आलो. कुकटपल्लीत आमची लोखंडी रॅक बनवायची शेड आहे. माल पोचवायचं काम तीस वर्षं बाबांनीच केलं. गेल्या हिवाळ्यात सकाळच्या धुक्यात समोरून आलेल्या ट्रकच्या झोताने त्यांचे डोळे दिपले, गाडी रस्त्याखाली उतरली आणि उजवा हात मोडला. तो ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. हात जुळून आला, पण बाबांनी स्टिअरिंग सोडलं ते सोडलंच. आता गाडी मी चालवते, आणि चांगली चालवते, हे आधीच सांगून टाकते.

हिवाळ्यात गिऱ्हाइकाला माल सकाळी दारात हवा असतो. म्हणून फॉग लाइट बदलायचं मी ठरवलं. बाबांनी एकच अट घातली. "लाव. पण तुझ्या उजेडाचा समोरच्याला त्रास झाला, तर गाडी विकायची. माझं झालं ते दुसऱ्याचं व्हायला नको."

जामबागेजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने पांढऱ्या दिव्यांची हातभर लांब पट्टी पुढे केली. "अम्मा, ये छत पे लगालो. रात का दिन हो जाता."

"नक्को. सामनेवाले का क्या होना?"

त्याने असं तोंड केलं, की हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नसावा. मी अभ्यास करून गेले होते. उंचावरचा पांढरा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि उरलेला समोरच्याच्या. दिवे हवेत बंपरच्या खाली, रुंद पण बुटक्या झोताचे, आणि त्यांचं बटण वेगळं, म्हणजे धुकं सरलं की बंद करता येतं. पिवळी जोडी, रिले आणि वायरिंग धरून साडेतीन हजारांत काम झालं. जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब कोंबायच्या भानगडीत मात्र पडू नका. आतला आरसा त्या बल्बासाठी बनलेला नसतो, उजेड वाटेल तिकडे उधळतो.

दुपारी शेडमध्ये गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर, सपाट जमिनीवर उभी केली. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली आणि झोताची वरची कड रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. काम इतकं सुबक झालं, की मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी रॅक चढवले, दोर आवळले आणि विद्यानगरला घरी जाऊन झोपले.

सकाळी पाचला कुकटपल्ली सोडली. पाटनचेरू, संगारेड्डी मागे पडलं. सदाशिवपेटला कडक चहा घेतला. पुढे धुकं दाटलं तसे मी पिवळे दिवे लावले आणि रस्त्याची पांढरी कड स्वच्छ दिसायला लागली. मी खूश. जहीराबादपर्यंत महामार्गाला मध्ये दुभाजक आहे, त्यामुळे समोरच्यांचा प्रश्नच नव्हता. खरी परीक्षा बिदरच्या रस्त्याला वळल्यावर होती.

पहिल्या बसने दिवे मिचकावून डिपर मारला. "त्याला सवय असेल," मी म्हटलं. दुसऱ्या टेम्पोने दोनदा मारला. "धुक्यात सगळेच मारतात, बाबा." बाबांनी हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते. मला ते दिसत होतं, तरी मी पुढे रेटलं. माझी रेघ चुकणं शक्यच नव्हतं!

तिसरा होता मोटरसायकलवरचा दूधवाला. तो डोळ्यांवर हात धरून मातीत उतरला, डगमगला आणि पाय टेकून कसाबसा थांबला. मी ब्रेक मारून धावत गेले.

"क्या अम्मा, आंखां फोडरैं क्या?" तो ओरडला. "कॅनां के साथ मैं भी गड्ढे में जाता था!"

मी माफी मागत होते, तेवढ्यात बाबा खाली उतरले. ते आमच्या ट्रकच्या पुढे चाळीसेक पावलं चालत गेले, वळले आणि झोताकडे तोंड करून उभे राहिले. वर्षभर ज्या उजेडाचं नाव काढलं तरी हा माणूस विषय बदलायचा, त्याच उजेडात ते डोळे किलकिले करून उभे होते. मला रडू फुटलं. ते परत आले, गाडीला एक फेरी मारली आणि मागच्या चाकावर हात ठेवला.

"शेडमध्ये गाडी रिकामी होती का गं?"

"हो."

"आता बघ, मागून कशी बसलीय. नाक वर झालं की दिवेबी वर."

इतकी साधी गोष्ट. माल भरल्यावर मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण दिवे जुळवायची जागा शेड आणि माल चढवायची वेळ संध्याकाळ, अशी आमची वर्षानुवर्षांची रीत. तिच्यात ही चूक बसून राहिली होती आणि मी तिचा फोटो काढून मिरवला होता.

पिवळे दिवे बंद करून हळूहळू किलोमीटरभर पुढे गेलो. तिथे एका वजनकाट्याचं सिमेंटचं सपाट आवार आणि चांगली उंच भिंत सापडली. दूधवाला मागोमाग आला, म्हणाला, "देखतूं मैं भी." बाबांनी पानाच्या चुन्याने भिंतीवर खूण केली, मी स्क्रू फिरवले, यावेळी भरल्या गाडीने. मग दूधवाला आपणहून धुक्यात लांब गेला आणि वळून आमच्या दिशेने आला. जवळ येऊन थांबला. "अब ठीक है अम्मा. रस्ता दिखरा, तुम लोगां भी दिखरैं." दूध उशिरा पोचल्याबद्दल घरोघरी बोलणी खायला तो निघून गेला.

पुढे बिदरपर्यंत समोरून बरीच वाहनं आली. एकानेही डिपर मारला नाही. बिदरला चुरमुऱ्यांचा सुसला आणि भजी खाल्ली. धुकं सरलं होतं, दिवे बंद केले. भालकी, कमलनगर करत अकराच्या सुमारास उदगीरच्या डाळमिलीत माल उतरवला. भालकीच्या पुढे रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, घाई करू नका. येताना गाडी रिकामी, म्हणजे झोत आणखी खाली पडणार. उजेड थोडा जवळ पडतो, पण कुणाला टोचत नाही.

घरी पोचल्यावर आईने विचारलं, "मग, विकायची का गाडी?" बाबा म्हणाले, "नको. पोरीला थांबता येतं."

त्यांनी केलेलं कौतुक मला पुरलं असतं. पण मला त्या गेल्या वर्षीच्या ट्रकवाल्याची आठवण झाली. तो दारू प्यायलेला असणार, माजलेला असणार, असं मी कितीजणांना तरी ठामपणे सांगितलं होतं. मी बाबांना म्हटलं, "त्यानेही रिकाम्या गाडीवरच दिवे जुळवले असतील का हो?"

"असतील," बाबा म्हणाले. "मीबी तीस वर्षं तसेच जुळवले."